गारगोटीची गाठ

चाकाची बॅग गाळात चालत नाही, हे धम्मानंद सरांना चाक निखळल्यावर कळलं.

बॅग मुलाने पुण्याहून पाठवली होती, रिटायरमेंटची भेट म्हणून. स्टेशनाच्या फरशीवर एका बोटाने ओढली तरी मागे मागे येते, असं मुलगा फोनवर म्हणाला होता. पण इथे फरशी नव्हती. इथे धरणाचं पाणी उतरून उघडा पडलेला चार किलोमीटर काळा गाळ होता. मे महिन्याच्या उन्हाने तो तडकला होता आणि एकेक भेग अशी, की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. अशाच एका भेगेत चाक गेलं. सरांनी ओढलं. बॅग आली, चाक आलं नाही. सरांनी आणखी जोर लावला तेव्हा दांडाही सुटून हातात आला आणि सर मागच्या मागे बसले.

"तरी मी म्हनलं व्हतं, बैल आना," व्यंकटराव म्हणाले. "बैलाला चाकं नसतेत, म्हनून ते निखळत बी न्हाईत."

व्यंकटराव सरांचे पहिलीपासूनचे सोबती. दोघांचं गाव एकच, आंबठाणा. ते धरणात गेलं त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. व्यंकटराव आता वर वसवलेल्या नव्या आंबठाण्यात शेती करत आणि उरलेल्या वेळात भुतांवर विश्वास ठेवत. सर आखाडा बाळापुरात राहत. तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि स्काउट शिकवून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. भुतं नसतात, हे त्यांनी तीस वर्षं दरसाल नव्या वर्गाला शिकवलं होतं, आणि एकाही विद्यार्थ्याने किंवा भुताने त्यावर हरकत घेतली नव्हती.

तिसरी होती सरांची धाकटी बहीण करुणा. ती हिंगोलीला नर्स होती. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून तिची बोलायची सवय मोडली होती.

"दादा," ती एवढंच म्हणाली, "दांडा खाली ठेव आता. बरं दिसत न्हाई."

सरांनी दांडा खाली ठेवला.

तिघं इथे का आले होते, ते सरळ होतं. आई, रुक्माबाई, फाल्गुनात गेली. शेवटचे चार दिवस ती एकच बोलत होती. "धम्मा, ती तिथंच हाय रे. तिला घेऊन ये." ती म्हणजे दोघांच्या पाठची बहीण. जन्मून नवव्या दिवशी गेली, नाव ठेवायच्या आधीच. एवढ्या लेकराला जाळत नाहीत. घरामागे बाभळीखाली पुरली आणि खूण म्हणून वर फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा ठेवला. आता त्या जागची माती आणायची आणि आईच्या अस्थींवर बाळापूरच्या शेताच्या बांधावर जो पिंपळ लावला होता, त्याच्या मुळाशी घालायची. सरांनी आईला हो म्हटलं होतं. माती ही माती असते, तिच्यात कोणी नसतं, हेही सांगायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण आईच्या नाकात नळी होती. मरणाऱ्या माणसाशी वाद घालावा इतके ते विज्ञानाचे शिक्षक नव्हते.

आणि जायचं तर याच आठवड्यात. पाणी उतरताना वरून खाली उतरतं. त्यामुळे व्यंकटरावांच्या आळीतले चिरे दर उन्हाळ्यात वर येत, आणि खालच्या अंगाचा बौद्धवाडा पंधरा-वीस वर्षांतून एखाद्या वेळी. गाव असतानाचा क्रम पाण्याने मोडला नव्हता. यंदा पाणी तळाला गेलं आणि वाडा उघडा पडला. चार दिवस, फार तर आठ.

"आता सामानाचं कसं?" व्यंकटरावांनी विचारलं. "डोक्यावर घ्याचं का मांगं फिराचं?"

यावर सरांच्या चेहऱ्यावर एकदम शाळेचा चेहरा आला. त्यांनी बॅग उघडून सगळं गाळावर मांडलं. ताडपत्री, पिठाचा डबा, तांदूळ, कांदे, पातेलं, खुरपं, सुतळीचा गुंडा, एक लुंगी आणि माती भरून आणायला हळदीचं एक रिकामं पोतं.

"स्काउटला पिशवी लागत नाही," सर म्हणाले. "त्याच्याजवळ जे असतं त्याची पिशवी होते. व्यंकटराव, बनियन काढा."

"काहून?"

"काढा तर."

व्यंकटरावांनी सदरा काढून बनियन काढलं आणि पुन्हा सदरा घातला. सरांनी बनियनचं खालचं तोंड गोळा करून सुतळीने आवळलं. खांद्याचे पट्टे झाले बंद. आत कांदे आणि तांदळाची पुडी. लुंगी पसरून तिच्या मधोमध पातेलं आणि डबा ठेवला, समोरासमोरची टोकं बांधली, झाली खांद्यावरची झोळी. ताडपत्रीची वळकटी करून तिच्या दोन्ही टोकांना सुतळीचा पट्टा लावला. पाच मिनिटांत बॅगेच्या तीन पिशव्या झाल्या.

"पॅन्टीची तर याहून चांगली होते," सर रंगात आले. "पायांचे दोन पट्टे, कमरेचं तोंड, पाठीवर घ्यायची. दोन्ही हात मोकळे. दाखवू?"

"ती कोनी मागितली न्हाई," करुणा म्हणाली.

प्रत्येक गाठ बांधताना सर पुटपुटत होते, "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर." ही रीफ नॉट. सरळ, सपाट, दिसायला देखणी. तीस वर्षांत दोन-तीन हजार पोरांच्या बोटांत त्यांनी ही गाठ बसवली होती. करुणा बघत उभी होती.

"आईनं टोकात गारगोटी घातली असती," ती म्हणाली.

रुक्माबाई कापूस वेचायला जात तेव्हा जुन्या लुगड्याचा झोळणा करत. फडक्याच्या टोकात एक गारगोटी ठेवायची, तिच्यामागून फडकं पिळायचं आणि त्या मानेला दोरा आवळायचा. टोकात खडा असल्यामुळे दोरा निसटायला वाटच राहत नसे.

"जुनी पद्धत," सर म्हणाले. ते जरा जास्तच लवकर म्हणाले. "आणि इथे गारगोटी आणायची कुठून? नुसता गाळ आहे."

ते मात्र खरं होतं. त्या गाळात डोळ्यात जायला खडा नव्हता.

दुपारी ते जुन्या आंबठाण्यात पोचले. गाव म्हणजे आता जमिनीवर मांडलेला चिऱ्यांचा नकाशा होता. जे चिरे उचलण्यासारखे होते ते लोकांनी कधीच गाड्या भरून वर नेले होते. जे राहिले होते त्यांच्यावर शिंपल्यांचा पांढरा थर होता. दारं नव्हती, पण व्यंकटराव आपल्या घरात शिरताना दार होतं तिथूनच शिरले, आणि वाकून. उंबऱ्यावर बसून त्यांनी तंबाखू मळली.

"हितं माझा बाप बसायचा," ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "आवाज न्हाई बगा गुरुजी. एक चिमनी सुदिक न्हाई."

"झाडं नाहीत, तर चिमण्या कशा असतील?"

"तसंच आसंल," व्यंकटराव म्हणाले, पण उंबऱ्यावरून उठले.

मुक्कामाला चावडीचा ओटा सरांनीच निवडला. तो उंच आणि कोरडा होता. कडेला चिंचेचा बुंधा उभा होता, त्यावर ताडपत्री बांधता येत होती. ताडपत्री बांधून झाली, पिशव्या बुंध्याच्या खुंटाला टांगून झाल्या, तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं. गाव सोडायच्या दिवशी ट्रक इथेच उभा होता. करुणाने हातात आणलेला पाण्याचा कॅन त्यांनी उचलला आणि पाणी आणायला निघाले. बाकीचे दोघंही निघाले. ओट्यावर एकट्याने थांबायची कोणाची तयारी नव्हती, आणि तसं कोणी म्हणालंही नाही.

अर्ध्या तासाने परत आले तर लुंगीची झोळी सुटलेली. डबा उपडा, पीठ ओट्यावर पांढरं पसरलेलं. पिठावर पाऊल नव्हतं. कुत्र्याचं नाही, कावळ्याचं नाही, कोणाचंच नाही. आणि लुंगीच्या सुटलेल्या टोकाला, पिठात, एक गारगोटी. सुपारीएवढी. पांढरी.

व्यंकटरावांनी कानाला हात लावला.

"वारा," सर म्हणाले. "जुनी लुंगी आहे, गुळगुळीत. ओझ्याने गाठ सरकली. झालं."

"आन् गारगोटी बी वाऱ्यानं आली?"

"करुणा, तू ठेवलीस का?"

"मी तुझ्याबराबर व्हते ना पान्यावर."

सरांनी गारगोटी शर्टाच्या खिशात टाकली. करुणा वरचं वरचं पीठ हलक्या हाताने गोळा करत बसली. सरांनी झोळी पुन्हा बांधली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. त्यांची बोटं बरोबर चालत होती. फक्त थंड पडली होती, मे महिन्यात.

कारण आंबठाण्यातून ती माती एकदा निघाली होती, आणि तिचं पुढे काय झालं हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ते धरून चालले होते.

गाव सोडायच्या दिवशी पहाटेच आईने बाभळीखालची ओंजळ-दोन ओंजळ माती काढली होती. लुगड्याच्या तुकड्यात घालून, टोकात गारगोटी घालून, आवळून बांधली होती. झोळी तिने बारा वर्षांच्या धम्माच्या मांडीवर दिली. "बहीण हाय तुझी. खाली ठिऊ नको." धम्मा शाळेत स्काउट होता. आदल्याच महिन्यात त्याला रीफ नॉटचा बिल्ला मिळाला होता. ट्रक निघायला वेळ होता, आणि त्याच्या मांडीवरची ती खड्याची गाठ त्याला फार गावंढळ दिसत होती. नव्या गावात सगळे बघणार. त्याने गाठ सोडली, गारगोटी काढून ओट्याखाली भिरकावली, आणि शाळेतल्या स्काउटमास्तरांनी शिकवली तशी बांधली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. सपाट, देखणी.

ट्रक खाचखळग्यातून चालला. धम्मा वर बसला होता. कधीतरी खाली बघितलं तेव्हा झोळी हलकी झालेली होती. माती फळ्यांच्या फटींतून रस्त्यावर सांडत गेली होती. नव्या गावात उतरताना त्याने कोणाचं लक्ष नाही असं बघून रस्त्याकडेच्या ढिगातून मुरूम घेतला, झोळीत भरला, आणि आईच्या हातात दिला.

आईने तो नव्या दारातल्या लिंबाखाली घातला. रोज पाणी घालत राहिली. आणि मुलगा मोठा होऊन स्काउटमास्तर झाला. जी गाठ सुटली होती ती बरोबरच होती, हे पटवायला त्याने दोन-तीन हजार पोरांना ती शिकवली. त्याला अजून पटलं नव्हतं.

सूर्य टेकला तेव्हा दुसरी पिशवी सुटली.

या वेळी तिघंही समोर बसले होते. बनियन खुंटाला टांगलेलं होतं, हलत नव्हतं, वारा पडलेला होता. सुतळी आपोआप सैल झाली. घाई नव्हती तिला. माणूस चपलेचा बंद सोडतो तशी. मग तांदळाची पुडी पडली, आणि कांदे एकेक करून ओट्यावर पडले आणि गडगडत खालच्या अंगाला, वाड्याच्या दिशेने गेले. शेवटच्या कांद्यामागून गारगोटी पडली.

"माजं बनियन हाय ते," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले. "मी आता ते घालत न्हाई."

सरांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा. मग त्यांच्या बोटाला खिशाचं भोक लागलं, आणि आयुष्यात कोणत्याही भोकाचा त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

"हे बघा!" त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. "खिसा फाटका. मघाशी स्वयंपाकाला कांदा काढताना गारगोटी यातून आत पडली. प्रत्येक गोष्टीला कारण असतं व्यंकटराव."

करुणाने जवळ येऊन नर्सच्या नजरेने भोक तपासलं. मग गारगोटी उचलून भोकाशी धरली. भोक हरभऱ्याएवढं होतं.

"दादा," ती म्हणाली, "तू काई सांगनार हायस का?"

"काय सांगायचं?"

"मला काय म्हाईत. तूच सांग."

सर कांदे वेचायला गेले.

रात्र गेली. तिच्याबद्दल तिघांपैकी कोणी नंतरही बोललं नाही. एवढंच, की उजाडलं तेव्हा तिघं ओट्यावर एकमेकांना पाठ लावून बसलेले होते. व्यंकटरावांच्या हातात खुरपं होतं. ते कशाला, हे त्यांना सांगता येईना.

पहाटेच्या उजेडात ते खाली वाड्यात उतरले. घर ओळखायला करुणाला वेळ लागला नाही. चुलीच्या जागचा दगड काळा होता, सत्तेचाळीस वर्षं पाण्यात राहूनही काळाच. त्याच्यामागे दहा पावलांवर बाभळीची मुळी. सरांनी गाळ उकरायला सुरुवात केली. हातभर खाली खुरपं खणकन वाजलं. फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा. त्यावर आईच्या हाताने पाडलेली टाक्यांची नक्षी अजून बोटाला लागत होती.

पाटा उचलताना व्यंकटरावांनी टोपी काढली. "चल गं बाई," ते म्हणाले. भुतांना भिणारा तो माणूस त्या वेळी अजिबात भ्यालेला नव्हता.

खाली काही नव्हतं. नऊ दिवसांच्या लेकराचं काय उरणार. माती होती, वरच्या गाळापेक्षा मऊ, आणि ओलसर.

करुणाने ओंजळीने ती हळदीच्या पोत्यात भरली. पोतं उचललं तर तळ फाटला. पोतं उन्हाने जळालेलं होतं, हळदीचा हंगाम संपल्यावर दोन वर्षं छपरावर पडलेलं. माती परत खड्ड्यात. मग लुंगी. सरांनी लुंगी दुहेरी पसरली, करुणाने पुन्हा ओंजळीने माती घातली. सरांनी टोकं धरली. उजवं डाव्यावर. डावं उजव्यावर. घट्ट ओढून, गुडघा लावून आवळली. उचलली.

गाठ सुटली. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच हातांत, दोन्ही टोकं अशी सरकली जणू मधे कापूस होता. माती पुन्हा जिथून आली तिथेच.

सर गुडघ्यावर तसेच बसून राहिले. रिकामी लुंगी हातात.

"करुणा," ते म्हणाले. त्यांचं पुस्तकी मराठी कुठे गेलं कोण जाणे. "तवा बी आशीच सुटली व्हती. आईनं मला दिली व्हती झोळी. म्या खडा फेकला आन् ही गाठ मारली. समदी माती रस्त्यानं सांडली. आन् म्या... म्या मुरूम भरला तिच्यात. आईला दिला. आई मरस्तोवर त्याला पानी घालत राह्यली, आन् म्या सांगितलं न्हाई."

"ठाऊक हाय," करुणा म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"तांबडी व्हती ना माती. आंबठान्यात तांबडी माती कुटं व्हती दादा? आईनं झोळी उघडली तवाच तिला कळलं."

सरांनी मान वर केली. "मंग बोलली काहून न्हाई?"

"मला म्हनली, मी मोठी झाल्यावर. म्हनली, बारा वर्साचं लेकरू हाय, भेलं आसंल. त्याला कोनी काई इचारायचं न्हाई. त्यो सांगंल तवा सांगंल."

"आन् पानी? मुरुमाला?"

"म्हनायची, लेकानं मांडीवर घेऊन आनलेली हाय. ती बी आपलीच." करुणाने पदराने तोंड पुसलं. "तू सांगायची वाट बघत बसली. शेवटाला थकली म्हनून तूच घेऊन ये म्हनली. सुट्टी काढून मी काय गाळ बघाय आले का?"

व्यंकटराव पाठ करून उभे होते. त्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं आणि कोरड्या गाळातल्या धुळीला दोन शिव्या घातल्या.

थोड्या वेळाने सर उठले. त्यांनी पट्टा सोडला आणि पॅन्ट काढली.

"आरं गुरुजी!" व्यंकटराव दचकले.

"मागं बघा," सर म्हणाले. "आन् सुतळी द्या."

खाली निळ्या पट्ट्यांची अर्धी चड्डी होती. सरांनी पॅन्ट गाळावर अंथरली. करुणाने तिसऱ्यांदा माती भरली, लुंगीत गुंडाळून पॅन्टीच्या बैठकीत नीट बसवली, बाळ कपड्यात बसवतात तशी, सगळीकडून दाबून. सरांनी कमरेचं तोंड गोळा केलं, दोन्ही पायांची टोकं वळवून त्याला आणून भिडवली. आता गाठ.

त्यांनी हात पुढे केला. करुणाने कमरेला खोचलेली गारगोटी काढून तळव्यावर ठेवली.

ती त्यांनी उजेडात धरली. पांढरी, एका अंगाला करडी रेघ. त्या दिवशी फेकली तिलाही रेघ होती का? होती असं वाटत होतं. सगळ्या गारगोट्या सारख्याच दिसतात, हे त्यांनी स्वतः वर्गात सांगितलेलं होतं. चावडीच्या ओट्याखालची गारगोटी चावडीच्या ओट्यावर मिळाली, यात अशास्त्रीय काही नाही. ती सत्तेचाळीस वर्षं गाळाखाली होती आणि दोनदा पिशवीत आली, एवढंच काय ते जरा समजून घ्यायचं राहिलं होतं.

"तू ठेवली न्हाईस ना खरंच?"

"न्हाई."

"व्यंकटराव?"

"मी त्या गोट्याला बोट लावीन का?"

सरांनी कापडाच्या टोकात गारगोटी ठेवली. मागून पिळलं. मान झाली. पुढे त्यांना येईना. तीस वर्षं गाठी शिकवलेल्या माणसाला ही गाठ कोणी शिकवलीच नव्हती. करुणा शेजारी बसली. तिने त्यांची बोटं धरून दोरा दोनदा फिरवला, खालून घेतला, आवळला.

"आसं," ती म्हणाली. "आई शिकवायची तवा तू शाळेत जायाचास."

सरांनी पॅन्ट पाठीवर घेतली. दोन्ही पाय खांद्यांवरून पुढे आले आणि छातीवर रुळले. ओझं पाठीला नीट टेकलं. गाठ हलली नाही.

परतीचे चार किलोमीटर ते तसे चालले. पुढे ताडपत्री घेऊन व्यंकटराव, मधे पट्ट्यांच्या चड्डीत सर, मागे करुणा. कांदे, तांदूळ आणि बनियन त्यांनी ओट्यावरच ठेवलं. व्यंकटराव म्हणाले, कोणाला लागलं तर. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनीही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विचारलं नाही.

निम्म्या वाटेत करुणा म्हणाली, "दादा, दे आता थोडा वेळ माज्याकडं."

"नको. बसली हाय नीट."

मग मोडक्या बॅगेचा दांडा पडला होता तिथे ते पोचले. कॅन आणि खुरपं सांभाळत व्यंकटराव दांडा उचलायला वाकले, आणि सर थांबले. पाठीवरच्या ओझ्याने जरा हालचाल केली. माती बसते, खाली सरकते, कोरडी होताना जागा धरते. सगळं शास्त्रात आहे. पण खांद्यावरून आलेले दोन्ही पाय त्यांच्या छातीशी किंचित ओढले गेले. झोपेत कूस बदलताना लेकरू मान घट्ट धरतं ना, तसं.

सरांनी मागे वळून करुणाकडे बघितलं नाही. त्यांनी फक्त दोन्ही हात मागे नेऊन ओझ्याला खालून आधार दिला.

लांब रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल थांबवून त्यांच्याकडे बघत उभं होतं. सरांचा जुना विद्यार्थी असणार. त्या भागात मोटारसायकलवर जो असेल तो त्यांचा विद्यार्थी असे. त्याने हात वर करून जोरात हाक मारली, "सर, नमस्कार! कॅम्प हाय का?"

"हळू बोल रे," धम्मानंद सर म्हणाले, आणि पाऊल न वाजवता पुढे चालू लागले.